पिसांचा डबा आणि नवसाचा कोंबडा

आमच्या घरात नवी वस्तू आली की आधी तिच्यावर संशय घेतात आणि मग तिला जागा देतात. मिक्सर बरेच दिवस खोक्यातच होता, कारण तो लाइट खातो अशी आबांना दाट शंका होती. मी आले तेव्हा मलाही साधारण तेवढाच वेळ लागला. अशा घरात किस्से जमवावे लागत नाहीत. भांडी घासता घासता एक आठवावा, तर तो सांगून होईपर्यंत ओसरीवर दुसरा घडलेला असतो.

आमचं घर टोकावड्याच्या पुढे, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत. माणसं चार. आबा म्हणजे माझे सासरे, आई म्हणजे सासूबाई, वैभव म्हणजे नवरा, तो मुरबाडच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो, आणि मी. माहेर आसनगावचं. मी फार बोलत नाही असं सगळे म्हणतात. जो बोलत नाही त्याच्यासमोर लोक काहीही करतात, हा त्यातला फायदा.

गावात सध्या कुणीही भेटलं की एकच विचारतं, “काय गो, तुमच्या त्या पिसांचं काय झालं?”

तर ते पिसांचं असं झालं.

*

ठाण्याचे एक रिटायर्ड काका अधूनमधून आमच्या नदीवर मासे धरायला येतात. धरतात आणि परत पाण्यात सोडून देतात. आबांचा संशय इथूनच सुरू झाला.

“सोडायचाच, तर धरतो कशाला? कायतरी दुसरंच काम हाय त्याचं.”

त्यात काकांच्या गळाला गांडूळ नसतं. गळावर दोऱ्याने पिसं गुंडाळून केलेली नकली माशी असते. ती पाण्यावर टाकायची, मासा तिला किडा समजतो आणि तोंड घालतो. आबांनी लहानपणापासून मासे धरले ते गांडुळावर. पिसाला मासा लागतो हे त्यांना पटेना.

“मासा काय येडा हाय? पिसंच खायची तर कोंबडीमागं धावंल.”

मग एका रविवारी काड्यापेटी मागायच्या निमित्ताने आबा काकांच्या शेजारी जाऊन बसले. गप्पा मारता मारता त्यांनी काकांची पिशवी चाचपली. खरं आमिष आत कुठेतरी लपवलेलं असणार, याची त्यांना खात्री होती. हाताला लागला बिस्किटांचा पुडा.

घरी येऊन आबांनी चपलाही काढल्या नाहीत. “सांगत होतो ना? बिस्किटाव धरतो. आन नाव पिसाचं करतो.”

पुढच्या खेपेला काकांनी आबांच्या डोळ्यांदेखत पिसावर मासा काढला. आबांनी तो हातात घेऊन नीट उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, “आंधळा असंल.”

*

वैभवच्या मात्र डोक्यात ते पीस शिरलं. नदीवर शहरातून माणसं येतात, त्यांच्या माश्या झाडात अडकतात, दगडात तुटतात. आपण इथेच बनवून दिल्या तर? काकांनी त्याला सांगितलं होतं, “सुरुवातीला एकच माशी शिक. एका मापाचे गळ घे, थोडे मोठे, म्हणजे दिसतात. एक काळा दोरा, एका जातीचं पीस. शिकंजा मात्र असा घे की गळ हलता कामा नये. हात बसला की मग बाकीचं.”

वैभवने मान डोलावली आणि घरी येऊन मोबाइलवरून सगळंच मागवलं. एकाच डब्यात सगळं सामान, वर हिरवा मासा छापलेला.

पार्सल आलं तेव्हा आबांनी पोचवणाऱ्याला तासभर बसवून ठेवलं. चहा पाजला, पण जाऊ दिलं नाही. “समोर उघड. मागून दगड निघाले तर आमी कुनाला सांगायचं?”

दगड निघाले असते तर ते कामाला तरी आले असते. कात्री कापत नव्हती, चावत होती. पिसं गुलाबी आणि पोपटी, लग्नाच्या बँडवाल्यांच्या टोपीवर असतात तशी. आणि शिकंजा, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवायचं मुख्य हत्यार, गळ पकडायचा आणि दोरा ओढला की सोडून द्यायचा.

“काकांसारखाच हाय,” आबा म्हणाले. “धरतो आन सोडतो.”

त्यानंतर वैभव मुरबाडच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला, मीही बरोबर होते. “लहान शिकंजा द्या.”

“काय धरायचंय?”

“गळ.”

“केवढा?”

वैभवने करंगळीचं नख दाखवलं. दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, “कुलपं उघडायचं काम करता काय?” पण शिकंजा दिला. चांगला, वजनदार, खाली पेच असलेला. तो मी माझ्या शिवणयंत्राच्या फळीला आवळून बसवला. अजूनही तिथेच आहे. बिल मात्र दुकानदाराने नाव-पत्ता विचारून केलं.

*

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही.

वैभवच्या बोटांत ते काम बसेना. कारखान्यात लोखंड धरणारी बोटं ती, पिसाचा दांडा चिमटीत आला की चेपून जायचा. मी सुरुवातीला फक्त टॉर्च धरायला बसत होते. मग म्हटलं, बघू. माहेरी मी ब्लाउजवर आरी वर्क करायचे, दोऱ्याला किती ताण द्यायचा हे हाताला ठाऊक होतं. पहिली माशी मी केली ती केरसुणीसारखी झाली. तिसरी-चौथी बरी झाली. मग मला थांबावंसं वाटेना.

माझी आरीची लाकडी चौकट लग्नानंतर माझ्याबरोबरच आली होती. “पाहुनं गेलं की काढू,” असं म्हणून आईंनी ती माळ्यावर ठेवली. पाहुणे कधीच गेले. आमच्या माळ्यावर गेलेली वस्तू परत खाली आलेली मी अजून पाहिलेली नाही.

म्हणून आबांनी एका संध्याकाळी निकाल दिला तेव्हा माझी नजर आधी माळ्याकडे गेली. डब्याकडे बोट करून ते म्हणाले, “देवीच्या जत्रंपर्यंत. तवर पिसाव एक मासा ह्या घरात आला, तर ऱ्हाऊ दे. नाय आला, तर ह्यो डबा माळ्याव.”

वैभव म्हणाला, “येईल की.”

मी काहीच म्हटलं नाही. चौकट माळ्यावर जाताना म्हटलं नव्हतं, तसंच.

*

दोरा घ्यायला मी एकटी मुरबाडच्या मॅचिंग सेंटरमध्ये गेले. आरीचा रेशमी दोरा गळाच्या टोकाला घासून फुटतो, म्हणून बारीक पण न तुटणारा पॉलिस्टरचा हवा होता. मी एकेक रीळ घेऊन हातभर दोरा ओढून बघायला लागले. तुटला की पुढचं रीळ.

दुकानातल्या बाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “ताई, ब्लाउज शिवायचाय की ट्रॅक्टर ओढायचाय?”

मी म्हटलं, “मासा.”

त्यांनी रिळांचा डबा माझ्यासमोरून उचलला आणि काउंटरच्या आत ठेवला.

*

पिसांसाठी वैभव टोकावड्याच्या चिकनवाल्याकडे गेला. चिकनवाल्याने सुरी खाली ठेवली.

“मांस नको? नुसती पिसं?”

“नुसती पिसं.”

“कुनी पाठवलं तुला? काट्याचं चेकिंग हाय का?”

वैभवने खूप सांगून पाहिलं. त्या माणसाने शेवटी पिसांची गोणी फुकट दिली, वर अर्धा किलो चिकनही दिलं आणि म्हणाला, “साहेबांना सांग, काटा बराबर हाय.”

ती पिसं ब्रॉयलरची. पांढरी, आखूड, मऊ. माशीला लागतं गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस, लांब, चमकदार, पाण्यात ताठ राहणारं. पण आलीच आहेत तर धुऊन बघू, म्हणून वैभवने ती शाम्पूने धुतली आणि सुकायला पत्र्यावर पसरली. दुपारी वारा सुटला.

संध्याकाळपर्यंत आमच्या आळीतल्या प्रत्येक बाईने आपापल्या कोंबड्या मोजल्या होत्या. शेजारच्या काकींच्या सगळ्या भरल्या. तरी त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पदरात मूठभर पांढरी पिसं घेऊन.

“माज्या कोंबड्या तांबड्या हायेत, त्या घरीच हायेत,” त्या म्हणाल्या. “पन मग ही कुनाची, ते तरी सांगा. मला झोप नाय लागायची.”

*

माशी पूर्ण झाली की दोऱ्याची गाठ सुटू नये म्हणून तिच्या डोक्यावर थेंबभर चिकट काहीतरी लावावं लागतं. काका म्हणाले, खास औषध मिळतं, पण नखांची बिनरंगाची पॉलिश चालते. वैभवने ती घेतली आणि पँटच्या खिशात विसरला. धुण्याआधी खिसे बघायचं काम आईंचं.

आईंनी मला मोरीमागे बोलावून घेतलं आणि मूठ उघडली. “ही तुजी हाय का गो?”

मी नखांना काही लावत नाही, हे आईंना माहीत आहे. मी खरं ते सांगितलं. “माझी नाही.”

एवढंच सांगितलं. पुढचंही सांगता आलं असतं. पण घरात संशयाची पाळी पहिल्यांदाच माझी सोडून दुसऱ्या कुणाची आली होती.

रात्री जेवताना आईंनी बाटली वैभवच्या ताटाशेजारी ठेवली. “कुनासाठी घेतलीस?”

“माशासाठी,” वैभव भात कालवत म्हणाला.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच मला थोडी माया दिसली. “पोरी,” त्या म्हणाल्या, “ह्याला आमीच लाडानं बिगडवला.”

*

आता कोंबडा.

वैभवचं लग्न लवकर जमेना, तेव्हा आबांनी देवीला कोंबडा बोलला होता. लग्न झालं, आणि येत्या जत्रेला तो द्यायचा ठरला. म्हणजे माझ्यामुळेच त्याचा जीव जाणार होता. आम्ही दोघं अंगणात समोरासमोर आलो की मला थोडं अवघडल्यासारखं व्हायचं.

आणि त्याची मान! तांब्याच्या घागरीला नुकतीच चिंच लावून घासावी, तशी. एकेक पीस बोटभर लांब, टोकाला काळं. काका एकदा चहाला आले होते, त्यांनी कप हातातच ठेवून विचारलं, “हा कोंबडा विकणार का?”

“देवीचा हाय,” आबा म्हणाले. “त्याच्या पिसाला हात नाय लावायचा कुनी.” म्हणताना ते काकांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मी हात लावला नाही. बघायचे मात्र रोज. माझ्याकडे पिसं होती ती काकींच्या एका म्हाताऱ्या कोंबड्याची, तीही काकींनी कोंबडा कापल्यावर “कशाला पायजे?” असं तीनदा विचारून दिलेली. त्यांच्या माश्या मी करत होते, वैभव सुट्टीच्या दिवशी नदीवर नेत होता आणि काही न धरता परत आणत होता. एकदा मासा लागला आणि तुटला. आबा म्हणाले, “लागला कशावरून? दगड असंल.”

जत्रा जवळ आली आणि एका सकाळी आई कोंबड्याला दाणे टाकायला गेल्या त्या तशाच परत आल्या. “त्याची मान बगा.”

कोंबड्याची मान एका बाजूने उघडी पडली होती. नुसती गुलाबी कातडी.

कुणी माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. आईंनी माझा पिसांचा डबा ओसरीवर ओतला. गुलाबी निघालं, पोपटी निघालं, काकींच्या कोंबड्याचं करडं निघालं. तांबडं एकही नाही.

“लपवलं असंल,” आबा भिंतीकडे बघत म्हणाले. “उणा जीव देवीला चालत नाय. आता मी काय तोंड दाखवू तिला?”

मी म्हटलं, “आबा, मी नाही.”

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यासमोर बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य असावं. त्यांनी ते ऐकलं आणि तंबाखूची डबी शोधायला आत गेले.

*

शेजारच्या काकींनी उपाय सांगितला. पिसं उपटताना कोंबड्याला दुखलं असणार. ज्यानं उपटली त्याच्या हातून तो दाणे खाणार नाही. मुकं जनावर खोटं बोलत नाही.

अंगणात पाट मांडले. वैभव बसला, तळहातावर तांदूळ घेऊन. कोंबडा आला, खाऊन गेला. काकी स्वतःहून बसल्या, “मला पन बगा, मागाहून नाव नको.” त्यांच्याही हातचे खाल्ले. मग मी बसले. कोंबडा आला, मान वाकडी करून त्याने माझ्याकडे बघितलं आणि सावकाश सगळे दाणे टिपले. शेवटचा दाणा पाटावर पडला होता, तोही घेतला.

आईंनी पदराने तोंड पुसलं. “तुमी पन बसा,” त्या आबांना म्हणाल्या.

“मी? माजाच कोंबडा, आन माजीच परीक्षा?” आबांनी गळाची काठी घेतली आणि ते नदीकडे निघून गेले. जाताना ते अंगणातून गेले, तेव्हा कोंबडा तुळशीमागे होता.

“मग उपटली कुनी?” काकी म्हणाल्या.

“मुंगूस असंल,” आई म्हणाल्या. पण म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या बाजूने एवढं झालं. डब्याचं मात्र तसंच राहिलं. जत्रा दोन दिवसांवर आली होती आणि पिसावर मासा आलेला नव्हता. मी कात्री, रीळ, गळ एका फडक्यात बांधून ठेवले, म्हणजे माळ्यावर नेताना सांडायला नकोत.

*

जत्रेच्या आदल्या दिवशी आबा नदीवरून आले ते चांगली हातभर खडशी घेऊन. एवढा मासा आमच्या डोहात क्वचित लागतो. आळीतली माणसं बघायला जमली. वैभवने विचारलं, “कशावर, आबा?”

“गांडुळाव,” आबा म्हणाले. “आनखी कशाव?”

मी विळी घेऊन पुढे झाले, तर आबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे. मी साफ करतो.”

आई चुलीपाशी होत्या, त्या वळल्या. आबांनी जन्मात कधी मासा साफ केलेला त्यांनी पाहिला नव्हता. “तुमी?”

“का? मला हात नायेत?”

तेवढ्यात मांडवाच्या बांबूवरून काहीतरी वाद झाला म्हणून देवळाकडून दोघं जण आबांना बोलवायला आले. आबा उठेनात. त्यांनी हाताला धरून उठवलं. फाटकातून बाहेर पडताना आबांनी मागे वळून पाहिलं, माझ्याकडे नाही, माशाकडे. “येतो मी. हात नका लावू त्याला.”

आईंनी वाट पाहिली. मग म्हणाल्या, “उन्हाचा मासा. खराब होईल. घे गो तू.”

मी मोरीवर बसले. खवले काढले. डोकं कापायला तोंड उघडलं तर आत, घशाच्या तोंडाशी, तंगुसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीचा, तुटका तुकडा दिसला. गळ खोल गेला की आबा तिथे काढत बसत नाहीत, तंगूस तोडतात, आणि घरी मासा साफ करताना आम्ही गळ काढून ठेवतो. मी बोट घालून गळ सोडवला आणि पाण्याखाली धरला.

तांब्याच्या रंगाचं पीस. टोकाला काळं.

ते जाळं विणायच्या जाड दोऱ्याने गुंडाळलं होतं. एकावर एक, घाईघाईने, माझ्या पहिल्या केरसुणीपेक्षाही वाईट. गळाच्या डोळ्याजवळ जागाच सोडली नव्हती. शेवटी जाळ्याला मारतात तशी गाठ, आणि ती निम्मी सुटलेली. पॉलिश लावलेली नव्हती.

आई आतून म्हणाल्या, “काय झालं गो?”

“काही नाही.”

गळ मी पदराच्या टोकाला बांधला.

आबा आले तेव्हा कालवणाला उकळी फुटली होती. ते विळीजवळ आले. टोपलीतल्या खवल्यांकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

“पोटात कायतरी घावलं का?”

“हो,” मी म्हटलं. “गांडूळ.”

रात्री मी आबांच्या ताटात डोक्याचा तुकडा वाढला. तो त्यांनी शांतपणे, एकेक काटा बाजूला काढत खाल्ला. हात धुवायला उठले तेव्हा मी त्यांच्या तंबाखूच्या डबीत तो गळ ठेवला. शिकंज्यात धरून गाठ नीट घातली होती, डोळ्याजवळचा दोरा थोडा मागे सारला होता.

देवीला नारळ दिला. कोंबड्याला पिसं येईपर्यंत मुदत मिळाली. तो अजून आहे आणि आबांचा खोकला ऐकला की तुळशीमागे जातो.

जत्रा उठल्यावर आईंनी फडक्यात बांधलेलं सामान उचललं. “हे ठेवू ना माळ्याव? जत्रा झाली.”

आबा ओसरीवर जाळं विणत होते. “माळ्याव उंदीर हायेत,” ते म्हणाले. “खालीच ऱ्हाऊ दे.”

आई आत गेल्या. आबांनी डोकं वर केलं नाही. जाळ्याचं एक घर विणून झालं, दुसरं झालं. मग जाळ्यालाच विचारावं तसं त्यांनी विचारलं, “सूनबाय, ती नखाची पालिश सुकाया किती टाइम लागतो गो?”